ताईंच्या चाकामागे

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. म्हणजे मी शेजारच्या सीटवर बसते, माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक असतो, आणि शिकणारा घाबरला की मी खेकसते. "घाबरायचं काय त्यात? रस्ता काय खातोय तुम्हाला?" हे माझं ठरलेलं वाक्य. बँकेतले साहेब, नुकतं लग्न झालेल्या मुली, रिटायर झालेले डॉक्टर, सगळ्यांना मी ते एकाच सुरात ऐकवलंय. मी स्वतः सायकलच्या शर्यतीला घाबरते असं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून मी सांगितलंच नाही.

सायकलचं हे खूळ आमच्या घरात नणंदेनं आणलं. नवऱ्याची मोठी बहीण, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांना सुया टोचायच्या आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर क्लबाच्या शर्यतीत उतरायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. घरात सगळे तिला ताई म्हणतात, मीही. ताई दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, चौथ्या तर कितीदा आल्या, पण पहिल्या कधी आल्या नाहीत. माझा नवरा त्यावरून चिडवायचा, "ताईला पुढे कुणीतरी लागतंच, नाहीतर तिला रस्ता सापडत नाही." ताई हसायच्या, पण लागत असणार. कुणाला नाही लागणार?

यंदा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. गुडघा कामातून गेलाय, ऑपरेशन करा, आणि नंतर सायकल फक्त भाजी आणण्यापुरती. ताईंनी ऑपरेशन मोसमातली शेवटची शर्यत होईपर्यंत पुढे ढकललं. आणि मला म्हणाल्या, "अगं, तू वर्षभर माझ्यासोबत चालवतेस, एकदा तरी शर्यतीच्या रेघेवर उभी राहा. मी असेन तोवर ये."

त्याआधी मी एकदा गेले होते आणि शर्यत न करताच परत आले होते. सुरुवातीच्या जागी सगळे कोंडाळं करून उभे, चाकाला चाक लागलेलं, आणि मी इतकी घाबरले की झाडामागे जाऊन स्वतःच्या चाकातली हवा सोडली आणि पंक्चर झालं म्हणून सांगितलं. ताईंनी चाक दाबून पाहिलं, पंप आणला, हवा भरली. हवा टिकली. मग मी डोकं दुखतंय म्हणून घरी आले. त्या दिवशी पहिल्या शिकणाऱ्यावर मी नेहमीपेक्षा जास्त ओरडले.

तर शेवटची शर्यत. क्लबाची पद्धत अशी की सगळ्यात हळू लोकांना आधी सोडतात, मग थोड्या थोड्या वेळानं वेगवान लोकांना. जो रेघ आधी ओलांडेल तो पहिला. गुडघ्यामुळे ताई यंदा आमच्या गटात, म्हणजे कासवांत आल्या होत्या. आमच्यात चौघं: ताई, मी, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक, आणि शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले सर. सशांनी आम्हाला गाठायच्या आत पोचलो तर आमच्यातलंच कुणीतरी पहिलं येणार. कुणीतरी म्हणजे ताई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ते मी नाकारत नाही.

सुटलो. घोळक्यात चालवताना ब्रेक लावायचा नसतो, मागचा अंगावर येतो. पण माझा जन्म ब्रेकवर गेलेला. मी दोनदा दाबला आणि दोन्ही वेळा मागून सर ओरडले, "अहो बाई, काय करताय?" मला ब्रह्मांड आठवलं. तेव्हा ताईंनी मान न वळवता सांगितलं, "माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहा. दुसरीकडे बघूच नकोस." मी चिकटले, ती चिकटलेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रस्ता उघडा, वारा समोरून. जो पुढे असतो तो सगळा वारा अंगावर घेतो, मागच्यांना निम्म्या कष्टात जाता येतं. म्हणून आळीपाळीनं पुढे जायचं. पुढचा थकला की कोपर हलवतो, म्हणजे मागच्यानं आता पुढे यावं. ताईंचं कोपर हललं. मी "नको, ताई" म्हटलं. पुढे गेल्यावर मागून येणाऱ्यांचा नुसता आवाज ऐकत चालवायचं, काही दिसणार नाही, चुकले तर सगळे माझ्यावर आदळणार. माझ्याच्यानं होईना. ताई म्हणाल्या, "बरं, बस मागे," आणि औषधवाला पुढे गेला. मग सर गेले. मग पुन्हा ताई. कोपर पुन्हा हललं. या वेळी मी न दिसल्यासारखं केलं.

चढावर सर मागे पडले. राहिलो तिघं. ताई आणि औषधवाला दोघंच वारा अंगावर घेत होते, आणि मी आपली ताईंच्या सावलीत. ताईंचा उजवा गुडघा पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात किंचित बाहेर पडत होता. मला तो सबंध वाटभर दिसत होता, कारण मी दुसरीकडे बघतच नव्हते. दोनदा त्यांनी मांडीवर मूठ मारली. मी मनात म्हटलं, आता पुढचं कोपर हललं की जाईन. हललं. गेले नाही.

शेवटच्या सरळ रस्त्यावर औषधवाल्यानं मागे वळून पाहिलं. ससे दिसत होते, पण लांब होते. तो म्हणाला, "ताई, जा तुम्ही," आणि त्यानं पाय सैल सोडले. ताई उभ्या राहून जोर लावायला लागल्या. समोर रेघ, रेघेजवळ चार माणसं, निकाल द्यायला उभे असलेले क्लबाचे शिट्टीवाले काका. आणि इथे माझी भीती गेली. कशी गेली देवाला ठाऊक. बाजूला कुणी नाही, मागे कुणी नाही, पाय हलके, आणि डोक्यात एकच, की अरे, हे तर जमतंय मला. मी ताईंच्या चाकामागून बाहेर आले आणि त्यांना ओलांडून गेले. वर हातही उंच केला. निर्लज्जासारखा.

टाळ्या वाजल्या नाहीत. शिट्टीवाल्या काकांनी शिट्टी फुंकली आणि कप माझ्या हातात दिला, पाहिलं मात्र ताईंकडे. औषधवाला आला आणि म्हणाला, "पाय ताजे होते तुमचे." मी म्हटलं, "हो ना, अगदी!" मला वाटलं कौतुक करतोय. इतकी मी मंद.

ताई सायकल धरून वाकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "जिंकलीस," म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

सर सगळ्यात शेवटी पोचले. कुणी जवळ येईना म्हणून मीच त्यांना विचारलं, "काय झालंय सगळ्यांना? मी जिंकले हे बघवत नाही का?" त्यांनी चष्मा पुसला. "जो वाऱ्यात पुढे येत नाही, तो शेवटी पुढे जात नाही. आमच्यात अशी पद्धत आहे."

"मग आधी सांगायचं होतं."

"सहसा सांगावं लागत नाही," सर म्हणाले.

मी फणकारले. शर्यत ती शर्यत, म्हटलं, नियमात कुठे आहे हे? घरी येईस्तोवर मी स्वतःशीच भांडत होते. दारातच नवरा भेटला. त्यानं पहिलं काय विचारलं, तर "ताई कितवी?"

"दुसऱ्या."

"अरेरे, परत दुसरी? आज तरी यायला हवी होती गं. कोण आलं मध्ये?"

मी पिशवीतून कप काढून टेबलावर ठेवला. त्यानं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "तू?" एवढंच म्हणाला आणि उगाच नळ बंद आहे का बघायला आत गेला. त्या क्षणी माझं सगळं भांडण संपलं. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते मला तोवर नुसतं बोलणं वाटायचं.

संध्याकाळी कप पिशवीत घालून ताईंकडे गेले. त्या गुडघ्यावर बर्फ धरून बसल्या होत्या. मी पिशवी पुढे केली. "ताई, हा तुमचा आहे."

"माझा कसा? तू आलीस पहिली."

"माझं चुकलं. मला कळलं नाही."

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मला राग आलाय. खूप आलाय. भीती वाटत होती तुला, ते ठीक होतं. मी म्हटलं, बसू दे मागे, आपलीच आहे. पण शेवटी भीती नव्हती ना तुझी? मग तेव्हा तुझ्या डोक्यातून मी कुठे गेले?" त्यांनी पिशवी परत माझ्याकडे सरकवली. "कप घेऊन जा. इथे नको मला. आणि थोडे दिवस फोन करू नकोस."

तो कप मी पलंगाखाली सरकवला. झाडू मारताना लागायचा, पुन्हा आत ढकलायचे. कामावर एक बाई स्टिअरिंगला हात लावायलाच तयार नव्हती, रडकुंडीला आली होती. माझं ठरलेलं वाक्य ओठांवर आलं आणि गिळलं. म्हटलं, "बसा थोडा वेळ. पाणी प्या." ती माझ्याकडे संशयानं बघायला लागली. माझी ख्याती तिनं ऐकली असणार.

ऑपरेशन झालं, नवा मोसम आला. क्लबात जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. कोणत्या तोंडानं जायचं? पण नवरा म्हणाला, "ताई काठी टेकत निशाण दाखवायला जाते दर रविवारी. आणि तू धडधाकट असून घरी लपून बसतेस." मग गेले. भीती होतीच, पण या वेळी गर्दीची नव्हती, चेहऱ्यांची होती. औषधवाल्यानं नमस्कार केला, आणि मी त्याच्या चाकामागे चिकटायला नको म्हणून सायकल बाजूला घेतली. सर हवापाण्याचं बोलले. ताई रेघेवर निशाण घेऊन उभ्या होत्या. आमचा गट सोडताना माझ्याकडे पाहून त्यांनी निशाण खाली केलं, जसं सगळ्यांसाठी केलं तसंच.

पहिल्या वळणानंतर मी पुढे गेले. कुणी कोपर हलवलं नव्हतं. वारा तोंडावर आला तेव्हा कळलं की ताई काय ओढत होत्या. मागचे आवाज ऐकू येत होते, ब्रेककडे बोटं जात होती, मी ती मागे घेत होते. औषधवाला दोनदा म्हणाला, "या आता मागे, आम्ही आहोत." मी थोडी मागे येऊन पुन्हा पुढे जायचे. चढ संपला तिथे माझ्यातला जीव संपला. ते सगळे पुढे निघून गेले, मग ससेही गेले. उरलेला रस्ता मी एकटीनं, रांगत असल्यासारखी, पार केला.

पोचले तेव्हा लोक सायकली गाडीवर चढवत होते. ताई अजून रेघेवर होत्या, एका हातात काठी, एका हातात निशाण. मी त्यांच्यापाशी थांबले, उतरताना पडता पडता वाचले. त्यांनी मला दंडाला धरलं.

"पुढे किती होतीस?"

"चढ संपेपर्यंत."

"सगळा वेळ?"

"बहुतेक."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "आज होतीस ना, त्याच्या निम्मी त्या दिवशी असतीस," ताई म्हणाल्या, "तर मी आले असते गं पहिली."

"हो," मी म्हटलं.

त्यांना काठीमुळे निशाण गुंडाळता येत नव्हतं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, गुंडाळलं, आणि आम्ही दोघी त्यांच्या चालीनं गाडीकडे निघालो.