सात वाट्यांची परीक्षा

अंजनगावजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी भगवंतबुवाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. लेकराला कोणतं अन्न बाधतं, ते हा बुवा दोन मिनिटांत सांगायचा. पुढ्यात सात वाट्या: दूध, अंडं, गहू, वरण, केळं, शेंगदाणा आणि त्याची मंतरलेली पेज. बोट बुडवून तो बाळाच्या पाठीवर टिळे लावी. जिथं लाल चट्टा उठे, ते अन्न वैरी. "अन्नदेव रुसला," म्हणत तो डोळे फिरवायचा आणि शिकलेली माणसंही हात जोडायची. मी गावची नर्स. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

जमुनाच्या नऊ महिन्यांच्या आकांक्षाला शेंगदाण्याचा कूट चाटवला आणि तिचे ओठ सुजले. धोका खरा होता. मी म्हटलं, अमरावतीला डॉक्टरकडे ने. सासू पार्बताबाईनं पोर बुवाकडे नेली. सहा टिळे उठले, उरली पेज. जमुना इतकी नेमाची, की चार महिने पोरीला दुसरं काही दिलं नाही, अंगावरचं दूधही तोडलं. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा पार्बताबाईनं दार लावलं. तिसऱ्यांदा जायला हवं होतं. नाही गेले. वाळलेली ती पोर पौषातल्या थंडीत साध्या खोकल्यानं गेली.

पंधरा दिवसांनी मी त्या अंगणात बाही वर करून बसले. म्हटलं, दुधाचा टिळा लावता त्याच बोटानं मला नुसतं पाणी लावा. भरल्या गर्दीत बुवाला नाही म्हणवेना. चट्टा उठला, आग झाली. मग त्याला नखासकट बोट साबणानं घासायला लावलं आणि दुसऱ्या हातावर पुन्हा पाणी. काही नाही. नखात खाजकुयलीची लव भरलेली, दुसरं काय! पेजेचा टिळा तेवढा तो कोऱ्या करंगळीनं लावायचा.

लोक बुवाला शिव्या घालू लागले. मी सांगत होते, ओठ सुजले, ओकारी झाली, दम लागला तर थेट दवाखाना गाठा. तिथं डॉक्टर सगळं विचारतात, तपासतात, गरज पडली तर औषध हाताशी ठेवून ते अन्न कणाकणानं देऊन बघतात. हे घरी करायचं नाही. आणि एका अन्नापायी लेकराचं सगळं ताट बंद करू नका.

गर्दीतून जमुना पुढं आली. "ताई, मंग माह्या पोरीले वरण चाललं असतं?"

मी विचारलं, आधी खात होती का?

"रोज खाये. काई होत नोतं."

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या अंगणात खोटं पुष्कळ बोलून झालं होतं.

"हो माय," मी म्हणाले. "चाललं असतं."