डोलकाठीवर कोण चढलं होतं

रोज सकाळी साडेसातला नेव्हिल रेडिओचा माईक हातात घ्यायचा आणि अख्ख्या खाडीला शहाणं करून सोडायचा. ग्रेनाडाच्या दक्षिणेच्या त्या खाडीत चाळीसेक शिडाच्या बोटी नांगर टाकून पडलेल्या असत. बहुतेक बोटींवर एखादं निवृत्त जोडपं, आणि सगळे कॉफीचा मग धरून त्याचं ऐकत बसायचे. वारा कुठून येणार, कुणी निघावं, कुणी थांबावं, नांगराची साखळी किती सोडावी, सगळं सगळं. समुद्र कसा ओलांडायचा हे तर तो अशा थाटात सांगायचा, की अटलांटिक म्हणजे ह्याच्या परसातली विहीर.

त्याची बायको ग्लेनिस तेव्हा अंडी तळत असायची आणि मनातल्या मनात त्याची सालटी काढत असायची.

कारण नेव्हिलने अटलांटिक ओलांडला होता तो विमानातून, जेवणाचा ट्रे मांडीवर घेऊन. ही 'किटीवेक' बोट त्यांनी अकरा वर्षांपूर्वी त्रिनिदादच्या गोदीत दलालाकडून घेतली. आधीचा मालक वारला होता. त्याच्या बायकोने बोट होती तशी विकून टाकली, भांड्याकुंड्यांसकट, प्रवासाच्या नोंदवहीसकट. तिथून ग्रेनाडा ऐंशी मैल. ते ऐंशी मैल बोट हाकली एका भाड्याच्या खलाशाने, आणि नेव्हिल बादलीत डोकं घालून बसला होता. इथे नांगर टाकला तो टाकलाच. साखळीवर एव्हाना शिंपल्यांची बाग उगवली होती. बोटीचं नाव बदलणं अशुभ, म्हणून नाव तेच ठेवलं, आणि नावाबरोबर नोंदवहीतली वादळंही नेव्हिलने आपल्या नावावर करून घेतली.

आणि खाडीतले लोक? मेंढरं नुसती! ग्लेनिसचं त्यांच्याबद्दल स्पष्ट मत होतं. हा उंटावरून शेळ्या हाकतो आणि ह्या शेळ्या माना डोलावतात. अख्ख्या खाडीत डोळे उघडे असलेली आपण एकटीच, याचं तिला थोडं दुःख होतं आणि बरंचसं सुख.

फेब्रुवारीत आफ्रिकेजवळच्या केप व्हर्देहून एक छोटी बोट आली. तिच्यावर तिशीतल्या दोन बहिणी आणि शहात्तर वर्षांची एक स्कॉटिश बाई. अठरा दिवसांत अटलांटिक पार करून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर त्या म्हातारीचा आवाज आला, "किटीवेक, किटीवेक. मी इसोबेल. तुमची बोट बघायला आले तर चालेल का?"

नेव्हिलला केवढा आनंद झाला! "या की आजीबाई! पाच वाजता या. पहिलाच समुद्र ना तुमचा? चार गोष्टी सांगेन कामाच्या." आणि जोडीला त्याने आणखी आठदहा जणांना बोलावलं.

पाचला डेकवर मंडळी जमली. रम, लिंबं, खारवलेल्या माशाची भजी. इसोबेल कुणाचा हात न धरता रबरी होडीतून वर चढली, सगळ्यांना मान तुकवली आणि एका कडेला बसली. नेव्हिलने गोष्टीला हात घातला. ग्लेनिस बर्फासाठी खाली गेली, तर पाठोपाठ म्हातारी मदतीला हजर.

"ग्लास कुठे, ते मला माहीत आहे," असं म्हणत तिने कोपऱ्यातल्या कपाटाची मूठ वर उचलली, खाली गुडघ्याने एक धक्का दिला, आणि ते हट्टी दार मुकाट उघडलं. ग्लेनिसला ती युक्ती सापडायला एक वर्ष लागलं होतं.

तिच्या हातातला बर्फ तसाच राहिला. "बोट तुमची होती."

"माझी आणि माझ्या नवऱ्याची, अलस्डेअरची."

वर नेव्हिलचा आवाज चढला. "शीड वर अडकलेलं, लाटा घराएवढ्या! म्हटलं, आता माझ्याशिवाय कोण चढणार डोलकाठीवर?"

"अलस्डेअर शंभर किलोचा," इसोबेल ग्लास पुसत म्हणाली. "त्याला वर ओढायला क्रेन लागली असती. मी चढले. दोन बरगड्या मोडल्या. नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे."

"माहीत आहे. वाचलंय मी."

"वाचलंयस!" म्हातारीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "त्याचं मला काही नाही गं. असले बोलघेवडे प्रत्येक बंदरात दोन असतात. पण तू वाचलंयस, आणि तरी वर बर्फ नेऊन देतेस."

ग्लेनिसचे कान तापले. "तुम्ही सांगणार आहात का सगळ्यांना?"

"मी कशाला सांगू? मला काय सिद्ध करायचंय? मी कालच आलेय समुद्र ओलांडून."

दोघी वर आल्या तेव्हा नेव्हिल गोष्टीत डोलकाठीच्या टोकाला पोचला होता. त्याने ग्लास उंचावला. "आणि तेव्हा आमच्या बाईसाहेब कुठे होत्या? विचारा, विचारा!"

ह्या ठिकाणी ग्लेनिसने म्हणायचं असायचं, "खाली! उशीत डोकं खुपसून देवाचा धावा करत होते." मग हशा. अकरा वर्षं ती हे न चुकता म्हणत आली होती. आजही सगळ्यांची तोंडं हसायच्या तयारीत होती. इसोबेल हातात भजं धरून तिच्याकडे बघत होती. मोडलेल्या बरगड्यांनिशी डोलकाठीवरून उतरलेल्या बाईला आपणच उशीत डोकं खुपसायला लावलं, हे ग्लेनिसच्या आत्ता ध्यानात आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"मी नव्हतेच तिथे," ती म्हणाली. "हाही नव्हता. डोलकाठीवर ह्या चढल्या होत्या. बोट ह्यांची. आम्ही फक्त त्रिनिदादहून आलोय, तेही भाड्याच्या खलाशाच्या जिवावर."

आता आभाळ कोसळणार म्हणून ती उभी राहिली. पण कुठलं काय! शेजारच्या बोटीवरची फ्रेंच ओदिल लिंबू पिळता पिळता म्हणाली, "अगं, माहीत आहे की."

"माहीत आहे?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. तुझा नवरा दोर असा बांधतो, की बघवत नाही. समुद्र ओलांडलेला माणूस असल्या गाठी मारेल का?"

"पण सांगतो झकास!" पलीकडचा अमेरिकन वॉल्ट म्हणाला. "आणि तुझं ते उशीचं! खरं सांगू? आम्ही तेवढ्यासाठीच येतो. आम्हाला वाटायचं, तुलाही मजा येते."

चाळीस बोटींना अकरा वर्षं मूर्ख म्हणणारी ग्लेनिस चाळीस बोटींची अकरा वर्षांची करमणूक निघाली. तिला बसायला जागा सापडेना.

"तुम्ही खरंच चढला होता?" कुणीतरी इसोबेलला विचारलं.

"हो."

"बापरे! घ्या ना, भजी घ्या."

नेव्हिलचे कान क्षणभर लाल झाले, एवढंच. मग तो हसला. "आमच्या बाईसाहेबांना आज लवकर चढलेली दिसते. तर काय सांगत होतो..."

इसोबेल उठली, ग्लेनिसला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या आम्ही बोनेर बेटावर जायला निघतोय. चार दिवसांचा रस्ता. झोपायचा एक बाक रिकामा आहे. तुला काय काय येतं?"

ग्लेनिसने आठवून पाहिलं. बर्फ फोडता येतो. लिंबं चिरता येतात. शीड तिने कधी चढवलं नव्हतं, सुकाणूला हात लावला नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली.

"अकरा वर्षं बोटीवर राहून?"

"अकरा वर्षं राहून."

"बरं झालं. अर्धवट येणाऱ्यांचा फार वैताग असतो. सकाळी साडेसहाला ये. उशीर केलास तर थांबणार नाही कुणी."

पिशवी भरायला ग्लेनिस खाली उतरली. वर नेव्हिल वादळाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत आला होता, आणि सगळे अगदी मन लावून ऐकत होते.