अंगठी काढून ठेवत जा

आमच्या डॉक्टरांनी सीवूड्सच्या दातांच्या दवाखान्यावर नवी पाटी लावली : ‘येथे पारा वापरला जात नाही.’ वाचून माझं डोकंच फिरलं. अठरा वर्षं मी, करावे गावची नमिता, याच खोलीत किडक्या दाढांत भरायला चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटत आले, फडक्यात घालून उघड्या बोटांनी जादा पारा पिळत आले. पहिल्याच आठवड्यात माझी लग्नातली अंगठी पाऱ्याने पांढरी पडली. डॉक्टर म्हणाले, "अंगठी काढून ठेवत जा." बस. सोन्याची काळजी घेतली, बोटांची नाही.

गेल्या गुरुवारी अरुणाताई आल्या, बेलापूरच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. चार दाढांत जुनी चांदी भरलेली, वीस वर्षांत एकदाही ठणकली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "काढूनच टाकू. कोरताना पाऱ्याची वाफ निघते, फार घातक. पण आपण पूर्ण काळजी घेऊ." ताईंच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळ्यांवर चष्मा. डॉक्टरांच्या स्वतःच्या तोंडावर वाफ अडवणारा जाडजूड मास्क. आणि थुंकी ओढायची नळी धरायला शेजारी आमची नवी मदतनीस प्राची, साध्या कापडी मास्कवर.

प्राचीला दुसरा महिना होता. सकाळीच तिने मला सांगितलं आणि वर शपथ घातली. तिसरा लोटेपर्यंत कुठे बोलायचं नाही, अशी तिच्या सासूची ताकीद. आता ती नुसती माझ्याकडे बघत होती.

"डॉक्टर, नली मी धरतंय."

"तुझा हात थरथरतो. तू बाहेरचं बघ."

कशाने थरथरतो, ते या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं! संताप संताप झाला. त्यांनी कोरायचं यंत्र उचललं आणि मी शपथ मोडली.

"ती पोटुशी हाय!"

डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नाही. "अगं, तेवढ्याने काही होत नाही."

अरुणाताईंनी नाकातली नळी ओढून काढली. "मघाशी मला घातक म्हणालात. एकच काय ते सांगा."

"तसं... दाढेत आहे तोवर फारसा धोका नाही, पण..."

"मग काढताय कशाला?"

त्या उठल्या आणि रडणाऱ्या प्राचीला धरून बाहेर घेऊन गेल्या.

"नमिता, उद्यापासून येऊ नकोस," डॉक्टर ओरडले.

मी पर्समधून ती पांढरी अंगठी काढली आणि त्यांच्यासमोर बोटात घालू लागले. हात थरथरत होता, दोनदा चुकली. ती बसेपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि त्यांनाही बघायला लावलं.