लिंबू खोचलेली सुरी

माझा धाकटा भाऊ मोरू याचं लग्न झालं ते १९५६ च्या वैशाखात. नवरदेवाच्या हाती सुरी द्यायची, तिच्या टोकाला लिंबू खोचायचं आणि अक्षता पडेपर्यंत ते काढायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

सुऱ्या दोन होत्या. एक मामाची, पितळी मुठीची, झकास दिसणारी पण बोथट. दुसरी माझी, जाळ्याचे दोर कापायची, मुठीला सुतळी गुंडाळलेली. मी माझीच घासून पुढे केली. आवडाबाई आत्याने विचारलं, लिंबाला धार कशाला, नवरीचं नाक कापायचंय का? सगळे हसले. मोरूने मात्र माझं मन राखायला माझीच घेतली.

आगरदांड्याहून काशीदला आम्ही भाड्याच्या लॉरीतून निघालो. लुगड्यांवर धूळ नको म्हणून आत्यानेच ताडपत्री बाहेरून चारी बाजूंनी आवळून बांधून घेतली होती. आत एकवीस माणसं. खाडीच्या बांधावर चाक घसरलं आणि लॉरी कलंडून भरतीच्या पाण्यात आडवी झाली.

आत अंधार, एकावर एक माणसं. पाणी गुडघ्याला, बघता बघता कमरेला. आम्ही ताडपत्रीला खांदे लावले, ती हलेना. गाठी सगळ्या बाहेर. मी मोरूला सुरी चालव म्हणून ओरडलो. तो सुरी छातीशी धरून उभाच. लिंबू काढलं तर लग्नाला अपशकुन, हेच त्याच्या डोक्यात. लहान पोरांच्या गळ्याशी पाणी आलं.

आत्याने त्याचं मनगट धरलं, लिंबू उपटलं आणि पाण्यात टाकलं.

"लगीन मागून व्हईल. आधी फाड."

मोरूने डोक्यावरच्या ताडपत्रीत सुरी खुपसून खाली ओढली. चर्र आवाज झाला आणि उजेड अंगावर आला. आधी पोरं, मग बाया, मग आम्ही. ड्रायव्हर बाहेरून हात देत होता. बांधावर मी दोनदा मोजलं. एकवीस.

काशीदला ओल्या कपड्यांतच लग्न लागलं. सुरी तीच, लिंबू नवं. पुढे आत्या कुठल्याही गाडीत चढण्याआधी विचारायची, धारेची सुरी कोणाकडे हाय? कोणी बोललं नाही तर खालीच उभी राहायची.

आवडाबाई आत्या १९६३ च्या माघात, घरी, तापाने वारली.