एवढ्यात पोचा काढू नका

माझं वय अकरा वर्षं. माणसांत हे खेळायचं वय, पण मोटारींत मी म्हातारीच झाले, मित्रांनो. रंग पांढरा, चाकं चार आणि स्वभाव म्हणाल तर महाघाबरट. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा अंगाला नव्या रबराचा वास होता आणि मला वाटायचं, आपल्याला कोण काय करणार! दोन पावसाळे घाटातून ये-जा झाली आणि सगळी मिजास उतरली. मागे ट्रकचा हॉर्न वाजला की अजून माझे दरवाजे थरथरतात. हसू नका. तुम्ही एकदा त्याच्या पुढे राहून बघा.

माझे मालक रज्जाकभाई, कामशेतच्या बाजारातले तांदळाचे व्यापारी. त्यांची बायको मेहरुन खंडाळ्याच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. रोज सकाळी तिला मी पोचवायची आणि दुपारी आणायची. डिक्कीत इंद्रायणी तांदळाची पोती, पुढे मेहरुन आणि तिचा डबा. सुरुवातीला रज्जाकभाई दर शुक्रवारी मला धुवायचे. येईल त्याला सांगायचे, "ही पोरगी कधी रस्त्यात रुसली नाही." मग हळूहळू धुणं महिन्यावर गेलं आणि मागच्या सीटची वायर एका उंदरानं खाल्ली, तरी कुणाला पत्ता नाही. चालायचंच. जुन्या वस्तूंनी फार मनाला लावून घेऊ नये.

पण ती जानेवारीतली दुपार मात्र मनातून जात नाही.

आम्ही उर्से टोलनाक्यावर रांगेत होतो. पिंपरीला मेहरुनच्या बहिणीकडे निघालो होतो. पुढे बस, बाजूला कंटेनर. मी उभी होते. अगदी जागच्या जागी, ब्रेक दाबलेला. आणि मागून धाडकन! माझी डिक्की चुरगळून आत आली, पाठीला हाताची ओंजळ मावेल एवढा पोचा पडला. मेहरुनचं डोकं आधी मागे आपटलं आणि मग पुढे फेकलं गेलं. "या अल्लाह!" एवढंच ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी मान धरून बसली.

मागच्या गाडीतून एक तरुण उतरला. हातात मोबाईल तसाच चालू. रज्जाकभाई तावातावानं उतरले आणि त्याचा चेहरा बघून थबकले.

"अमृत? तू?"

"चाचा! तुमीच हाय व्हय! चुकलं चाचा, माझं ध्यान न्हवतं."

पवना नदीकडच्या अंबाजीभाऊंचा हा मुलगा. अंबाजीभाऊंच्या शेतातला भात वीस वर्षं रज्जाकभाईंच्याच दुकानात येतो. ईदेला अंबाजीभाऊ जेवायला, दिवाळीला रज्जाकभाई फराळाला. झालं! राग कुठल्या कुठे गेला. रज्जाकभाईंनी बिलबुकातले दोन कागद फाडले आणि माझ्याच टपावर ठेवून लिहिलं, 'अपघात किरकोळ आहे. आपसात मिटले. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' दोन्हींखाली सही ठोकली. एक कागद अमृतला, एक माझ्या समोरच्या खणात.

"तुझं काय दुखतंय का गं?" नंतर त्यांनी बायकोला विचारलं.

"जरा मान लचकल्यासारखी वाटतेय. होईल बरी."

झाली नाही. दुसऱ्या दिवशी मान वळेना. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताला मुंग्या. आठवड्यानं आम्ही बंगल्यावरून येत होतो. कामशेत जवळ आलं तशी ती म्हणाली, "अहो, आज पोळीचा तवा हाताला लागला. चटका बसला ते मला वास आल्यावर कळलं." रज्जाकभाईंनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. मित्रांनो, इंजिन बंद असूनही मला धडधडत होतं.

तळेगावच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढला. हिसक्यानं नस दबली आहे म्हणाले. गळ्याला पट्टा, रोज व्यायाम, सहा आठवडे कामाला सुट्टी, आणि फरक पडला नाही तर ऑपरेशन. पोलिसांत नोंद केली का, असंही त्यांनी विचारलं. रज्जाकभाई खाली बघत म्हणाले, "घरचंच आहे, डॉक्टर. मिटलंय."

आता ऐका, खरी भीती कशाची होती ती. अंबाजीभाऊ दुकानात येत तेव्हा मी बाहेरच उभी असे. माझा पोचा दिसला की ते मान खाली घालत. रज्जाकभाईंना ते बघवेना. मित्राला आपल्या गाडीकडे बघून लाजल्यासारखं होतं, याची त्यांना स्वतःच्याच चुकीसारखी टोचणी लागली. म्हणून त्यांनी मला मारुती डेंटरकडे नेलं. पोचा काढून रंग मारला की विषय संपला!

तुम्ही म्हणाल, गाडीला दुरुस्ती नको होती? एरवी मी नाचत गेले असते. पण धडक कशी बसली, कुठून बसली, किती जोरात बसली, हे सांगायला माझ्या पाठीशिवाय होतं कोण? पोलिसांनी मला पाहिलं नव्हतं. आरटीओच्या साहेबांनी पाहिलं नव्हतं. एक साधा फोटोसुद्धा नव्हता. पोचा गेला की मेहरुनचा हात आपोआप बधिर झाला असं म्हणायला जग मोकळं! आणि मला ओरडता येत नाही हो. हॉर्न आहे, पण तो दुसऱ्यानं दाबावा लागतो.

मारुतीनं मागचा दिवा काढला. बंपरचे नट सैल केले. लाकडी ठोकळा आतून लावला आणि हातोडा उचलला. मी पत्रा घट्ट आवळून घेतला.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. गळ्यात पट्टा घातलेली मेहरुन उतरली आणि सरळ येऊन डिक्कीला पाठ लावून उभी राहिली.

"मारुतीभाऊ, हात लावायचा नाही."

"भाभी, शेठनी सांगितलंय—"

"शेठची गाडी आहे. मान माझी आहे."

रज्जाकभाई पुढे झाले. "अगं, अंबाजीभाऊला काय वाटेल? वीस वर्षांचा माणूस..."

"तुम्ही सही करून दोस्ती जपलीत. माझा हात कुणी जपायचा?" ती गळ्यातला पट्टा सावरत म्हणाली. "मला भीती वाटते हो! रात्रंदिवस वाटते. हा हात गेला तर मी करू काय?"

मारुतीनं हातोडा खाली ठेवला. "शेठ, जरा खरं बोलू का? माझ्या हातनं असले लय पोचे निघालेत. मागनं लोक येतात, म्हणतात, मारुती, साक्षीला चल. आता पत्र्यावर काय दाखवू त्यांना? आधी केस करा. मी कुटं पळून जात न्हाई."

वडगावच्या कोर्टात बायकांना वकील फुकट मिळतो, हे मेहरुनला शेजारणीनं सांगितलं होतं. तिथल्या कोमलताई वकील आमच्या अंगणात येऊन माझ्याभोवती फिरल्या, मागून-पुढून फोटो काढले. मग माझ्या खणातला तो कागद वाचला.

"सही कुणाची?"

"माझी," रज्जाकभाई म्हणाले.

"दुखतंय कुणाला?"

"हिला."

"मग हिचा हक्क तुम्ही कसा सोडून दिलात, भाऊ?"

कोमलताईंनी शांतपणे समजावलं. तक्रार उशिरा दिली तरी उशिराचं कारण लिहून देता येतं. पंचनामा होईल, आरटीओ माझी तपासणी करतील. दवाखान्याचा एकही कागद टाकायचा नाही. भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. "अमृतवर गुन्हा नोंदवला जाईल, ते मी लपवत नाही. पण भरपाई त्यांच्या गाडीच्या विमा कंपनीनं द्यायची असते. त्यासाठीच तर विमा असतो. हा कागद कंपनीवाले पुढे करतील, भांडावं लागेल. पण भांडता येतं."

तक्रार झाली आणि तिसऱ्या दिवशी अंबाजीभाऊ दारात. मी अंगणातच होते. इतका चढलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"रज्जाक, सही केलतीस ना तू? मग माझ्या पोराला पोलिसात का ओढलंस? माझ्याकडं यायचं व्हतं! वीस वर्सांची दोस्ती हीच का?"

रज्जाकभाईंनी उंबऱ्यातूनच हात जोडले. मला वाटलं, संपलं सगळं. आता हे तक्रार मागे घेणार, मला मारुतीकडे नेणार आणि मेहरुनचा हात असाच राहणार.

मेहरुन बाहेर आली. उजवा हात तिनं अंबाजीभाऊंपुढे धरला.

"भाऊ, हे बोट दाबा."

"आँ?"

"दाबा ना. जोरात."

त्यांनी करंगळी चिमटीत धरली, दाबली. मेहरुन त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी आणखी दाबली. नखाखाली पांढरं पडलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"अजून दाबा, भाऊ. मला कळेल तेव्हा मी सांगते."

अंबाजीभाऊंनी एकदम हात सोडला. ते माझ्या बंपरवर टेकले आणि पंच्यानं तोंड पुसत राहिले. पुसता पुसता रडायला लागले. "मला वाटलं मान लचकली आसंल, पोरी. मला कुणी सांगितलंच न्हाई गं!" जाताना ते रज्जाकभाईंशी बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी अमृतला घेऊन स्वतः चौकीत गेले आणि पोरानं जबाब दिला, "गाडी थांबलेली व्हती. मी मोबाईल बघत व्हतो."

तपासणी झाली, पंचनामा झाला, मगच मारुतीनं माझी पाठ सरळ केली. दावा दाखल झाला आहे, तारखा पडताहेत. ऑपरेशन टळलं. मेहरुनची दोन बोटं जागी झाली, करंगळीचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. आता ती अर्धा दिवस कामाला जाते. अंबाजीभाऊंचा भात या वर्षी दुकानात आला, पण ते स्वतः आले नाहीत.

मित्रांनो, मागून कुणी धडकलं आणि तो किती का ओळखीचा असेना, आधी आपल्या माणसाला विचारा, दवाखान्यात न्या, फोटो काढा, पोलिसांना कळवा. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपली सही करू नका. आणि आमच्यासारख्या पत्र्याच्या जिवांना सावकाश दुरुस्त करा. आम्हाला घाई नाही.

एक विनंती मात्र मागून येणाऱ्यांना आहे. परवा सिग्नलला एक गाडी अगदी चिकटून येऊन थांबली. काही झालं नाही, पण मेहरुननं दोन्ही हातांनी मान धरली आणि सिग्नल सुटला तरी सोडली नाही. दादांनो, ताईंनो, थोडं लांब थांबा. पुढे मेहरुन बसली आहे.