आत फक्त पेशंट

"तुम्ही बाहेर थांबा. आत फक्त पेशंट," असं म्हणून मावशींनी पेशंट बाईच्या नवऱ्याच्या तोंडावर दार लोटलं.

एक्स-रे काढणाऱ्या या बाईंना सगळा दवाखाना 'फोटोवाल्या मावशी' म्हणत असे. बावीस वर्षं त्यांनी लोकांची हाडं पाहिली, पण एकाही हाडाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. फोटो आपण काढायचा, बोलायचं डॉक्टरांनी, असा त्यांचा खाक्या. नसत्या चौकशा करणाऱ्या नर्सबायकांची त्या मनसोक्त टिंगल करत.

आजची बाई तिशीची. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली. मावशींनी तिला यंत्रापुढे उभं केलं आणि प्रत्येक बाईला विचारायचा तो प्रश्न कागदावरची नजर न काढता विचारला.

"दिवस गेलेत का?"

"हो. दुसरा महिना."

मावशींचा हात बटणावरून मागे आला. "अगं, मग फोटो कसा काढू? डॉक्टरांना नाही सांगितलंस?"

"हे शेजारीच बसले होते. त्यांना माहीत नाही अजून." बाई हळू पण सरळ बोलत होती. "फोटो नकोच आहे मला, मावशी. छातीतही काही दुखत नाही. मागच्या खेपेला तुम्ही यांना असंच बाहेर काढलंत. घरी गेल्यावर वाटलं, यांना अडवणारं हे एकच दार पाहिलं मी. चार महिने झाले, इथं यायची वाट बघतेय. फोन यांच्याकडे असतो. मला पोलिसांत सांगायचंय."

मावशी संगणकापुढच्या स्टुलावर जाऊन बसल्या. चार महिने ही बाई स्वयंपाक करत होती, मार खात होती आणि या दाराचा विचार करत होती. तेच दार मावशी दिवसातून पन्नासदा उघडत आणि लावत होत्या, पण त्यांना कधी काही सुचलं नव्हतं.

त्यांनी संगणकावर तिचे जुने फोटो उघडले. आधी मनगट, मग गळ्याजवळचं हाड. दोन्हींखाली कारण एकच: पडल्यामुळे. नवऱ्यानं सांगितलेलं, मावशींनी टाइप केलेलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंत्र चालू असलं की दारावर लाल दिवा लावायचा, म्हणजे कोणी आत येत नाही. मावशींनी नोकरीत पहिल्यांदाच तो खोटा लावला आणि खालच्या महिला मदत कक्षाला फोन केला.

पाचच मिनिटांत दार वाजलं. "अजून किती वेळ?"

"श्वास धरता येत नाहीये हिला. हलली की फोटो बिघडतो," मावशींनी आतूनच ठणकावलं. "दिवा विझेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. किरणं अंगाला वाईट."

बाईला हसू फुटलं. ते तिनं पदरानं दाबलं. अशा वेळी हसू येऊ शकतं, हे बघून मावशी थक्क झाल्या.

मागच्या दारानं मदत कक्षातली ताई आली. तिच्याबरोबर फाटकावरच्या चौकीतली महिला पोलीस होती. "चौकीतला एक शिपाई तुमच्या मिस्टरांशेजारी बसलाय," ताई म्हणाली. "आजपासून राहायची सोय झालीय. घरी परत जायची गरज नाही. आता सावकाश सांगा."

बाई सांगू लागली. तारीख, वेळ, कुठल्या हातानं, कशानं. सगळं पाठ. आवाज एकदाही कापला नाही, उलट पोलीसबाईंचं पेनच मागे पडू लागलं.

"या दोन्ही फोटोंखाली कारण मी खोटं टाइप केलंय," मावशी मध्येच म्हणाल्या. "माझाही जबाब घ्या."

बाईनं आपले फोटो कधी पाहिले नव्हते. पाकीट नवराच ठेवून घेई. मावशींनी पडदा तिच्याकडे वळवला. तेव्हा त्यांनाच कोपऱ्यात एक बरगडी दिसली, मधोमध जराशी जाड झालेली. इतकी वर्षं त्या चिठ्ठीतल्या हाडापलीकडे बघतच नसत.

"ही कधीची गं?"

"दोन वर्षांपूर्वीची असेल. तेव्हा दवाखान्यात आणलंच नाही यांनी." बाईनं पडद्यावर त्या जागेवरून बोट फिरवलं. "जुळली की आपली आपण."

मग ती पोलीसबाईंकडे वळली.

"हीपण लिहा."