एकाच बाकावर

“वहिनी, आज तेवढं उभं राहू नका. पाया पडतो तुमच्या,” दिराने तिला चर्चच्या पायऱ्यांवरच गाठलं.

“पाया पडायचं ते आतल्याच्या पडा, भाऊजी. माझ्या कशाला?”

ती आत गेली. तोही पाठोपाठ गेला आणि बाकावर तिला अगदी खेटून बसला. वहिनी उठायला लागलीच तर हात धरून खाली ओढायचं, असं त्याने मनाशी ठरवलेलं दिसत होतं.

चर्चच्या मंडळीत तिला सगळे मुंगी म्हणत. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन पोट भरणारी ही बाई दर रविवारी भिंतीच्या कडेकडेने यायची आणि तशीच परत जायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा ती मोठ्याने रडली नाही, म्हणून बायकांनी नाकं मुरडली होती. रडली असती तर ‘बाई फारच नाटकी’ म्हणाल्या असत्या, तो भाग वेगळा.

नवरा गेला तो कारखान्यात. रसायनाची टाकी साफ करायला त्याला मास्कशिवाय उतरवलं आणि वर काढलं ते प्रेतच. लगेच मॅनेजरसाहेबांनी जाहीर करून टाकलं, की माणूस पिऊन उतरला होता. मेलेला माणूस काय, उलटून थोडाच बोलतो! आणि लोकांना ते पटलंही, कारण एके काळी तो प्यायचा. घरातली भांडी विकून प्यायचा. पण ज्या दिवशी त्याने दारू सोडली, त्या दिवशी याच चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती ती याच मॅनेजरसाहेबांनी. ते मंडळीचे मोठे पंच होते. त्यानंतर त्याने थेंबाला तोंड लावलं नाही, हे बायकोला जितकं ठाऊक होतं तितकंच साहेबांनाही. म्हणूनच तिला ते इतकं झोंबलं होतं. परका खोटं बोलला असता तर तिने सोडून दिलं असतं.

साहेब आता निवडणुकीला उभे होते. चर्चसमोरच्या भिंतीवरून त्यांचा फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत होता. मंडळी मूठभर, आणि दफनभूमीतून रस्ता काढायचं नगरपालिकेत घाटत होतं. आपला एक माणूस आत गेला तर कबरी वाचतील, असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. त्या कबरींत तिच्या नवऱ्याचीही होती.

तिचा बेत कानावर आल्याने आदल्या संध्याकाळी चर्चचे पाळक तिच्या घरी येऊन गेले होते. माणूस भला, पण अडचणीत सापडलेला.

“बाई, एवढी निवडणूक होऊ द्या. उपासनेत राजकारण नको.”

“मी कुठे आणतेय? ते आधीच येऊन बसलंय. मागच्या रविवारी त्यांच्या विजयासाठी प्रार्थना तुम्हीच घेतलीत ना?”

पाळक उठले. चहा तसाच ठेवून गेले.

या मंडळीची एक जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी, पाळक मेजापाशी उभे राहून विचारत, “कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का?” असेल त्याने उठून नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्याने चालत नाव घेणाऱ्यापाशी जायचं, काय ते मिटवायचं, आणि मग दोघांनी एकाच बाकावर बसून भाकर घ्यायची. पूर्वी लोक कोंबडीवरून उठत, सामाईक भिंतीवरून उठत. दोघी जावा शिवणयंत्रावरून इतक्या वेळा उठल्या की शेवटी त्यांना कायमचंच एका बाकावर बसवलं. अलीकडे मात्र कुणी उठत नसे. पाळक विचारत, लोक खोकून घेत, आणि भाकर फिरू लागे.

आज पाळकांनी प्रश्न नेहमीपेक्षा घाईने विचारला. ती उठली. दिराचा हात तिच्या मनगटावर आला, तो तिने हलकेच काढून ठेवला.

“माझ्या मनात आहे,” ती म्हणाली. “मॅनेजरसाहेबांविषयी.”

पहिल्या बाकावरून साहेब उठले. त्यांना याची कुणकुण असावी, कारण ते मुळीच गडबडले नाहीत. शांतपणे चालत आले, तिच्यासमोर थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. कुणीतरी फोटोसाठी फोन वर धरला.

“ताई, माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल, तर मला क्षमा करा.”

चर्चभर सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. इतका मोठा माणूस वाकला, आता आणखी काय हवं?

तिने त्या हाताकडे पाहिलं.

“तो प्यायला नव्हता, एवढंच म्हणा, साहेब. मला दुसरं काही नको.”

“चौकशी चालू आहे, ताई. मी इथे कसं बोलणार?”

“चौकशीत काय बोलायचं ते तिकडे बोला. मी देवासमोर विचारतेय. प्यायला होता का तो?”

साहेबांचे ओठ हलले. हा माणूस आता खरं बोलणार, असं तिला क्षणभर वाटलं, आणि तेवढ्यानेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांची नजर त्या फोनकडे गेली.

“मी क्षमा मागितली,” ते मंडळीकडे वळून म्हणाले. “याच्यापुढे माझा इलाज नाही.”

“घे गं हात!” मागून एक म्हातारी म्हणाली.

“किती ताणायचं माणसाने?” आणखी कुणीतरी म्हणालं.

“वहिनी,” दीर कुजबुजला, “त्याच कारखान्यात मी आहे. माझ्या पोरांच्या तोंडचा घास आहे तो.”

तिला त्याचा राग आला नाही, कीव आली. सख्खा भाऊ दारुडा ठरला तरी त्याला गप्प बसावं लागत होतं. पण तिने हात पुढे केला नाही.

पाळक मेजामागून बोलले. “बाई, मागितलेली क्षमा जो देत नाही त्याला या मेजावरचं घेता येत नाही. रीत तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे,” असं म्हणून ती खाली बसली. लहानपणी बापाने या मेजापाशी आणलं तेव्हापासून तिने ही भाकर कधी चुकवली नव्हती. तापात फणफणत असतानासुद्धा ती आली होती. नवरा गेला त्या दिवशी आवरलेलं रडू तिने पुन्हा एकदा आवरलं.

रीतीप्रमाणे साहेब तिच्या शेजारी बसले. उठून परत जाणं लोकांसमोर बरं दिसलं नसतं.

भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात फिरत त्यांच्या बाकावर आलं. दिराने एक तुकडा तोंडात टाकला आणि तिच्याकडे न बघताच ताट तिच्या हातात दिलं. सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं. तिने तुकड्यांकडे पाहिलं आणि ताट तसंच साहेबांसमोर धरलं.

त्यांचा हात ताटापर्यंत आला आणि अडला.

“घ्या, साहेब,” ती हळू आवाजात म्हणाली. “मागे माणसं थांबलीत.”

त्यांनी घेतलं. ताट पुढे गेलं. रिकामे हात मांडीवर ठेवून ती उपासना संपेपर्यंत तिथेच, त्यांच्या शेजारी, ताठ बसून राहिली.